बादशहाचा उजवा गुडघा

माणगंगा ही तशी कोरड्या मुलखातली नदी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या डोंगरांत ती उगम पावते, दहिवडी-म्हसवडवरून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या शिवारात उतरते आणि पुढे सांगोल्याकडून जाऊन भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच जास्त. अशा नदीकाठी मुक्काम करताना कोणाला पुराची धास्ती वाटणार नाही. १७०० सालच्या पावसाळ्याच्या शेवटी खवासपूरजवळ तळ ठोकलेल्या मोगल लष्करालाही ती वाटली नव्हती.

ऑक्टोबरच्या आरंभी एका मध्यरात्री वरच्या डोंगरांत धो धो पाऊस झाला आणि पाण्याचा लोंढा झोपलेल्या छावणीवर येऊन आदळला. तंबू, माणसे, बैल, उंट, घोडी वाहून जाऊ लागली. अंधारात एकच आरडाओरडा झाला. बादशहा औरंगजेब तेव्हा वयाची ब्याऐंशी वर्षे पुरी करायच्या बेतात होता. त्याला वाटले मराठ्यांनीच छापा घातला. तो दचकून उठला, घाईने निघाला, ठेचाळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. पाणी ओसरले, पण गुडघा काही पहिल्यासारखा झाला नाही. हकिमांना तो नीट बसवता आला नाही आणि उरलेली सहा-साडेसहा वर्षे बादशहा त्या पायाने लंगडतच राहिला.

महाराष्ट्रात औरंगजेबाविषयी लिहायचे म्हणजे काय लिहायचे हे जणू ठरलेलेच असते. संभाजी महाराजांची ज्याने हत्या करवली त्याच्याविषयी इथे जिव्हाळा असण्याचे कारण नाही आणि हा मजकूर त्याची बाजू मांडण्यासाठी नाही. पण आरोग्याच्या सदरात माणसाकडे शरीर म्हणूनही पाहावे लागते. एका म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखावला, त्याने काम थांबवायचे नाही असे ठरवले आणि मग चालायचे कसे, हात कशाला वापरायचे, आधार कशाचा घ्यायचा, हे प्रश्न त्याच्यापुढे आले. आज प्लास्टर घालून घरी आलेल्या प्रत्येकापुढे तेच प्रश्न येतात.

हे शरीर मुळात दणकट होते. औरंगजेबाचा जन्म १६१८ सालचा, गुजरातच्या सीमेवरच्या दोहदचा. तो चौदा वर्षांचा असताना, १६३३ मध्ये, आग्र्याला हत्तींची झुंज चालली होती आणि त्यातला सुधाकर नावाचा हत्ती बिथरून त्याच्याच अंगावर धावला. मुलाने घोडा जागेवर धरून ठेवला आणि हत्तीच्या कपाळावर भाला फेकला. हत्तीने घोड्याला खाली पाडले, तर हा उडी मारून पायांवर उभा राहिला आणि तलवार उपसून पुन्हा समोर गेला. १६४७ मध्ये बल्खच्या मोहिमेत लढाई ऐन भरात असताना नमाजाची वेळ झाली म्हणून तो घोड्यावरून उतरला, गुडघे टेकून नमाज पढला आणि पुन्हा घोड्यावर चढला. या दोन्ही प्रसंगांचे दरबारी वर्णन थोडे रंगवलेले असेल, हे धरून चालावे. पण उडी मारून उभे राहणे, खाली बसणे, उठणे, रिकिबीत पाय घालून चढणे ही सगळी गुडघ्यांची कामे आहेत आणि ती त्याचे गुडघे बिनतक्रार करत होते, एवढे नक्की.

१६५८ मध्ये तो गादीवर आला. १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि उत्तरेला परत गेलाच नाही. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना पकडून मारल्यावर मराठ्यांचे राज्य संपले असे त्याला वाटले, तर ते गावोगावी पेटले. वय वाढत होते. १६९५ च्या मार्चमध्ये जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगल्याला त्याला भेटला. त्याने लिहून ठेवलेले वर्णन मोठे बारकाईचे आहे: ठेंगणा बांधा, मोठे नाक, वयाने वाकलेली पाठ आणि हातात वरच्या टोकाला दुबेळके असलेली काठी. अर्जांवर तो चष्मा न लावता स्वतः शेरे लिहीत होता, हेही करेरीने टिपले आहे.

म्हणजे खवासपूरच्या पाच वर्षे आधीच बादशहाच्या हातात काठी होती. आपल्याकडे काठी हातात घेणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, असे समजून कित्येक आजोबा भिंतीला धरून चालतात, पण काठी घेत नाहीत. काठीचे काम साधे आहे. उभ्या माणसाचा तोल दोन पावलांच्या मधल्या जागेवर असतो. तिसरा टेकू मिळाला की ही जागा रुंदावते. त्यातून दुखऱ्या पायावरचा थोडा भारही काठीवर जातो. मात्र ती दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरायची असते, कारण चालताना उजवा पाय आणि डावा हात एकाच वेळी पुढे जातात. सिनेमातले बहुतेक लंगडे नट हे चुकीचेच करतात. उंचीही ठरलेली आहे: हात सरळ खाली सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. सातारच्या कुठल्याही दुकानात दुकानदार काठी देईल, ही उंची मात्र आपणच मोजून घ्यायची.

डिसेंबर १६९९ मध्ये हा काठी टेकत चालणारा म्हातारा सातारच्या किल्ल्यासमोर आला. अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला करंज्याजवळ त्याचा तळ पडला. आता करंजे हे सातारा शहराचाच भाग आहे. किल्ल्यावर प्रयागजी प्रभू होते. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि खाली हल्ल्याच्या तयारीत उभे असलेले सुमारे दोन हजार मोगल सैनिक त्याखाली मेले. त्याच सुमारास सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांच्या मृत्यूची बातमी आली होती. किल्ला वाटाघाटींनी खाली झाला आणि शहजादा आझमच्या नावावरून त्याला आझमतारा म्हणू लागले. जूनमध्ये परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, मोगलांकडे गेला. ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि युद्ध थांबले नाही.

सज्जनगडाखालून निघाल्यावर पावसाने मोगलांचे जे हाल केले ते कोणत्याही मराठी सरदाराने केले नसतील. ओढेनाले भरले, ओझ्याची जनावरे मेली, कृष्णा ओलांडताना माणसे बुडाली. खटाव तालुक्यातल्या भूषणगडापर्यंतच्या थोड्याशा वाटेला महिन्याहून जास्त काळ लागला. ऑगस्टच्या अखेरीस तिथून लष्कर माणच्या काठी कोरड्या मुलखात खवासपूरला हलले, ते याच पावसाला कंटाळून. पुढे सातारच्या गादीवर बसलेले शाहू महाराज त्या वेळी अठरा वर्षांचे होते आणि मातोश्री येसूबाईंसह याच बादशाही छावणीत नजरकैदेत होते.

आता त्या रात्रीकडे डॉक्टरांच्या नजरेने पाहू. म्हातारपणी पडण्याच्या घटनांत रात्रीच्या घटना बऱ्याच असतात. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी रक्तवाहिन्या क्षणात आवळतात आणि मेंदूकडचा पुरवठा टिकून राहतो, उतारवयात हे काम सावकाश होते. डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळे. त्यात काळोख, पायाखाली ओली जमीन, तंबूच्या दोऱ्या, अंगावर पायघोळ वस्त्र आणि छाप्याची भीती. ब्याऐंशीव्या वर्षी मांडीचे स्नायू पूर्वीच्या ताकदीचे राहिलेले नसतात, त्यामुळे अडखळल्यावर सावरण्यासाठी झटक्यात टाकायचे पाऊल वेळेवर पडत नाही. बादशहाच्या घराण्यात हे नवे नव्हते. त्याचा खापरपणजा हुमायून १५५६ मध्ये दिल्लीच्या ग्रंथालयाच्या जिन्यावर अजान ऐकून गुडघे टेकायला गेला, पाय झग्यात अडकला, गडगडत खाली आला आणि तीन दिवसांत गेला.

दरबारी मंडळींना मात्र वेगळाच पूर्वज आठवला. मोगलांचा मूळपुरुष तैमूर उजव्या पायाने लंगडा होता. बादशहाचे लंगडणे म्हणजे त्या जगज्जेत्याचा वारसा, असे सांगून ते त्याचे सांत्वन करीत. तैमूर आणि औरंगजेब यांच्यात दहा पिढ्यांचे अंतर. दुखापत अशी वारशाने उतरत नाही. लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतः पिळदार नसतात, तसेच हे. पण तैमूरच्या पायाची पुढे खरोखर तपासणी झाली. जून १९४१ मध्ये मिखाईल गेरासिमोव या सोविएत शास्त्रज्ञाच्या तुकडीने समरकंदची त्याची कबर उघडली. सांगाड्यात उजव्या पायाला जुन्या दुखापतीच्या खुणा सापडल्या. मांडीचे हाड आणि गुडघ्याची वाटी एकमेकांना चिकटून गेली होती. तो पाय सरळ होतच नसणार. औरंगजेबाचा पाय असा कोणी तपासलेला नाही, तेव्हा त्याच्या गुडघ्यात नेमके काय झाले हे तर्कानेच पाहायला हवे.

गुडघा निखळला असे इतिहासकार सांगतात. वैद्यकात या शब्दाचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांपासून सुटणे ही फार गंभीर गोष्ट. गुडघ्याच्या मागून पायाकडे जाणारी मुख्य रोहिणी तिथे घट्ट बांधलेली असते. हाडे सुटली तर ती ताणली किंवा फाटली जाण्याचा धोका असतो आणि काही तासांत रक्तपुरवठा पूर्ववत झाला नाही तर पाय गमवावा लागतो. आजही अशा रुग्णाला इस्पितळात आणल्यावर सांध्याआधी पावलातली नाडी पाहतात. औरंगजेबाचा पाय टिकला, तो पुढे वर्षानुवर्षे चाललाही. म्हणून दुसरी शक्यता मला जास्त पटते: वाटी जागेवरून सरकली असेल, किंवा एखादा लिगामेंट तुटून सांधा ढिला झाला असेल, सोबत हाडाला चीरही गेली असेल. वाटी सरकली असेल तर पाय हळूहळू सरळ केला की ती बहुधा जागेवर येते. लिगामेंट आणि कूर्चेचे मात्र बाहेरून चोळून काही होत नाही. हकिमांना दोष देण्यात अर्थ नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून जवळजवळ दोनशे वर्षे होती.

आज असाच कोणी पडला तर त्याला आधी गुडघा स्थिर ठेवणारा पट्टा मिळेल, मग तपासण्या, गरज असेल तर शस्त्रक्रिया आणि काही आठवडे त्या पायावर भार देऊ नका अशी ताकीद. या ताकिदीबरोबरच खरी अडचण सुरू होते. काखेतल्या दोन कुबड्या घेतल्या की पाय सुटतो पण दोन्ही हात अडकतात. चहाचा कप स्वयंपाकघरातून बाहेर आणता येत नाही, दार उघडताना एक कुबडी भिंतीला टेकवावी लागते आणि ती हमखास घसरून पडते. शिवाय भार काखेवर द्यायचा नसतो, तो मुठींवर घ्यायचा असतो. कुबडीचे वरचे टोक आणि काख यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्या तर मनगट लुळे पडते. हे सांगितले जात नाही आणि पाय बरा होईपर्यंत हात बधिर होतो.

म्हणूनच अलीकडे लोक हात मोकळे ठेवणारी कुबडी शोधू लागले आहेत. ती साधारण अशी असते: गुडघा काटकोनात दुमडायचा, नडगी एका आडव्या फळीवर टेकवायची, मांडीला पट्टे आवळायचे आणि खाली रबरी बूट बसवलेला दांडा. दुखरे पाऊल मागे अधांतरी राहते आणि माणूस दांड्यावर चालतो. कल्पना नवी वाटते, पण नाही. फ्रान्सचा प्रसिद्ध शल्यविशारद आंब्रोआज पारे याने सोळाव्या शतकात आपल्या ग्रंथात लाकडी पायांची चित्रे दिली, त्यांत गरिबांसाठीचा म्हणून एक पाय आहे. त्यातही दुमडलेला गुडघा बैठकीवर टेकवून खाली लाकडी खुंट लावलेला. विशेष म्हणजे १५६१ मध्ये घोड्याच्या लाथेने पारेचीच डाव्या नडगीची दोन्ही हाडे मोडून कातडीबाहेर आली होती. अशा जखमेला त्या काळी पाय कापणे हाच उपाय समजत. पारेने तो कापू दिला नाही, जखम स्वच्छ ठेवून हाडे बसवून घेतली आणि तो पुन्हा स्वतःच्या पायावर चालला.

पण हे साधन औरंगजेबाला दिले असते तर? पट्टे बांधताक्षणीच तो ओरडला असता. कारण त्यात शरीराचा सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. घोटा मोडला, पावलाचे हाड तुटले, टाचेच्या वरची शीर फाटली, म्हणजे दुखापत गुडघ्याच्या बऱ्याच खाली असेल आणि गुडघा, मांडी, कंबर ठणठणीत असतील, तरच ते उपयोगी. चांगल्या पायावर न डगमगता उभे राहता यायला हवे, दुखापतीपूर्वी आधाराशिवाय जिना चढता येत असायला हवा, वजन-उंची साधनाच्या मर्यादेत बसायला हवी. ज्याला तोल जाण्याची सवय आहे, पायांना मुंग्या येतात, किंवा वय सत्तरीपुढे आहे अशा माणसाने जाहिरातीतला धावणारा तरुण पाहून ते मागवू नये. गुडघा तासन् तास काटकोनात राहिल्याने पोटरीतले रक्त साचू शकते. पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. चाकांवर गुडघा टेकवून ढकलायची गाडीही मिळते. इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर ती छान पळते, पण आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांत आणि उंबऱ्यांवर तिचे काही चालत नाही आणि दांडा धरायला हात लागतोच.

ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघा दुखावलेल्या माणसाला आजचा फिजिओथेरपिस्ट बहुधा चार पायांचा वॉकर देईल. त्यात दोन्ही हात अडकतात हे खरे. त्यावर उपाय साधेच आहेत: वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधायची, पाणी झाकणाच्या बाटलीत न्यायचे, कमरेला खिशांचा पट्टा घालायचा. पुढे ताकद आल्यावर कोपराखाली पकड असलेल्या कुबड्या घेता येतात. त्यात हाताभोवती कडे असते, त्यामुळे क्षणभर मूठ सोडून कडी उघडता येते आणि कुबडी खाली पडत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. बिछान्याजवळ रात्री मंद दिवा, आणि उठल्यावर दोन मिनिटे कडेला बसून मगच उभे राहणे. शेवटच्या या दोन गोष्टींना पैसाही लागत नाही.

बादशहाने निवडलेले साधन वेगळे होते आणि त्यात हात अगदी मोकळे राहत. त्याचे नाव तख्त-ए-रवां, म्हणजे चालते सिंहासन. १६६० च्या दशकात काश्मीरच्या प्रवासात फ्रेंच वैद्य बर्निए याने ते पाहिले होते: रंगवलेले सोनेरी खांब, काचेच्या खिडक्या, चार दांड्या, प्रत्येक दांडीला दोन असे आठ भोई आणि त्यांना आळीपाळीने बदलायला आणखी आठ. तेव्हा तो मध्यमवयीन धडधाकट माणूस होता आणि त्याला वाटेल तेव्हा घोड्यावर किंवा हत्तीवर बसत असे. म्हातारपणी आणि गुडघा गेल्यावर मात्र पालखी ही गरज झाली. आत बसून अर्ज वाचता येत, शेरे लिहिता येत, जपमाळ ओढता येई. कुराणाच्या प्रती लिहिणे आणि टोप्या शिवणे ही त्याची हातांची कामे सर्वश्रुत आहेत आणि दोन्हींना पाय लागत नाहीत. नमाजात गुडघे टेकता येत नसतील तर आजारी माणसाने बसून पढावे, अशी सवलत इस्लामी धर्मशास्त्रात आहे.

सोय झाली, पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. पायावर भार पडणे थांबले की मांडीचे पुढचे स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत डोळ्यांना दिसतील इतके उतरतात. गुडघ्याचा सांधा मुख्यतः याच स्नायूंनी आवळून धरलेला असतो. ते सैल पडले की सांधा आणखी डळमळतो, डळमळला की दुखतो, दुखला की माणूस आणखी कमी चालतो. खाटेवर पडल्या पडल्या मांडी आवळून पाच मोजेपर्यंत धरायची आणि सोडायची, हा व्यायाम प्लास्टरमध्येही करायला सांगतात तो या चक्रातून सुटण्यासाठी. डॉक्टरांची परवानगी तेवढी घ्यायची. आठ भोई मिळाले तरी हे काम भोई करू शकत नाहीत.

आणि विश्रांती? ती त्याने घेतली नाही म्हटले तरी चालेल. पावसाळा संपल्यावर लष्कर मिरजेकडे निघाले. मोगल कागदांत या गावाचे नाव मुर्तजाबाद. आज मिरज म्हटले की सतार आणि इस्पितळे आठवतात. १८९४ मध्ये तिथे डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिशन इस्पितळ उघडले आणि पुढे चहूकडून रुग्ण रेल्वेने मिरजेला येऊ लागले. बादशहा दोनशे वर्षे आधी आला. मार्च १७०१ मध्ये तो पन्हाळ्याच्या पायथ्याशी होता, म्हणजे दुखापतीला जेमतेम पाच महिने झालेले. मेअखेर पन्हाळा घेऊन तो पावसाळ्यासाठी पुन्हा सातारच्या बाजूला खटावला आला. त्याच्या सरदारांनी वर्धनगड, नांदगिरी, चंदन, वंदन घेतले. मग विशाळगड. जून १७०२ मध्ये तो ताब्यात आला आणि आंबा घाटातून परतताना पावसाने पुन्हा गाठले. तीसेक मैलांना सव्वा महिन्याहून जास्त लागला. चिखलात हत्ती रुतत होते, तिथे भोयांच्या पायांचे काय झाले असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. घसरणाऱ्या वाटेवर खांद्यावर दांडी घेऊन चालणाऱ्या त्या माणसांतही किती गुडघे निकामी झाले असतील.

१७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. जिंकलेले किल्ले मागे मराठे परत घेत होते. सातारा तर तो असतानाच पुन्हा मराठ्यांकडे गेला. १७०५ मध्ये वाकिणखेड्याची लढाई आटोपल्यावर देवापूरच्या मुक्कामात तो फार आजारी पडला. अंग दुखे, मधूनच शुद्ध हरपे. छावणीत हलकल्लोळ झाला, कारण बादशहा गेला तर या शत्रूच्या मुलखातून परत कसे जायचे हा प्रत्येकापुढे प्रश्न होता. तो कसाबसा सावरला आणि ऑक्टोबरमध्ये पालखीतून उत्तरेकडे निघाला. जानेवारी १७०६ च्या अखेरीस अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोचला. पूर्वी आपण इथूनच दक्षिण जिंकायला निघालो होतो, हे त्याला आठवले असेलच.

तिथे वर्ष-सव्वा वर्ष गेले. ३ मार्च १७०७. भिंगारजवळच्या छावणीत सकाळची नमाज झाली, बोटे जपमाळेवर फिरत होती आणि दिवस वर आल्यावर श्वास थांबला. वय अठ्ठ्याऐंशी. त्याच्या इच्छेप्रमाणे देह खुलताबादला नेऊन उघड्या आकाशाखाली, साध्या कबरीत ठेवला. काही आठवड्यांत शाहू महाराजांची सुटका झाली आणि पुढच्या वर्षी जानेवारीत त्यांचा सातारच्या किल्ल्यावर राज्याभिषेक झाला.